भट्टी ऐकणारा लिनवूड

लिनवूड स्पाइट भट्टीकडे पाठ करून बसायचा. नवखा माणूस बघायचा आणि मनात म्हणायचा, ह्या म्हाताऱ्याचं लक्ष तरी कुठं आहे? लक्ष कानात असायचं. विटांच्या भट्टीवर आख्खं डुक्कर उघडून पालथं घातलेलं, वरून पत्रे झाकलेले, खाली ओक आणि हिकरीच्या लाकडांचे निखारे. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडायचा, चर्र व्हायचं. मग शांत. मग पुन्हा चर्र. त्या दोन आवाजांमध्ये माणसाचा एक संथ श्वास मावावा, एवढीच आग हवी. श्वास अर्धा असतानाच चर्र झालं तर निखारे ओढून घ्यायचे. दोन श्वास झाले तरी काही नाही, तर फावडंभर निखारे टाकायचे. हे त्याला बापानं शिकवलं होतं, बापाला त्याच्या बापानं. ह्यात डोळ्यांना काही काम नव्हतं.

मी त्याचा शेजारी. आमची तंबाखूची शेतं एका चरानं वेगळी झालेली. त्याच्या भट्टीला लागणारा ओक माझ्या रानातून जायचा, दोन वर्षं वाळवलेला, हातभर लांबीचा फोडलेला. त्या लाकडाचा मला अभिमान होता, आणि आहे.

उत्तर कॅरोलायनाच्या आमच्या ह्या पूर्वेकडच्या सपाट, रेताड मुलखात बार्बेक्यू म्हणजे आख्खं डुक्कर. मांडी, खांदा, पोट, गाल, सगळं दोन सत्तुरांनी एकत्र कुटायचं, त्यावर व्हिनेगर आणि कुटलेली लाल मिरची. बस्स. रॉली शहर ओलांडून पश्चिमेला गेलं की टेकड्या लागतात आणि माणसं बिघडतात, असं आमच्याकडे म्हणतात. तिथे नुसते खांद्याचे फरे भाजतात आणि चटणीत टोमॅटो घालतात.

हॉयल सिंक हा तिथला, लेक्सिंग्टनचा. अडतीस वर्षांपूर्वी तंबाखूच्या लिलावात बोली पुकारायला आला, इथल्या मुलीशी लग्न करून इथेच राहिला, पण जीभ काही बदलली नाही. घरामागे त्यानं स्वतःची भट्टी बांधली आणि फरे भाजत राहिला. लिनवूड आणि तो, दोघं चौकातल्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचे, आणि बाकीचे आम्ही ऐकायला थांबायचो.

"लिनवूड, ते तुझं व्हिनेगरचं पाणी थोडं दे रे बाटलीत. घराच्या खिडक्या फार मळल्यात."

"ने की. आणि येताना तुझी लाल चटणी आण. नातवाला तोंड माखायला काहीतरी हवंच असतं."

"आम्ही फराच भाजतो, कारण डुकरात चांगलं काय असतं ते आम्हाला कळतं."

"आणि बाकीचं डुक्कर काय करतं? लंगडत घरी जातं?"

"तुम्ही सगळं एकत्र कुटता. खाणाऱ्याला कळत नाही, तोंडात गाल आला की मांडी."

"कळायचं नसतंच, गाढवा. तेच तर बार्बेक्यू."

ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या शनिवारी चर्चचा मेळा. बाहेर पडलेली पोरं, लेकी, जावई सगळे त्या दिवशी परत येतात. चर्चमागच्या भट्टीवर लिनवूडचं डुक्कर, आणि शेजारच्या टेबलावर हॉयलचे सहा फरे. दोघांची टेबलं दहा पावलांच्या अंतरावर. माणसं इकडून तिकडे जात, दोन्हीकडचं खात, आणि कुणाचं बरं हे ठरवायला गेलं की विषय बदलत. त्या भांडणात कुणी जिंकायचं नाही, एवढा एकच नियम होता. तो कुणी केला नव्हता, पण अडतीस वर्षं पाळला गेला होता.

एका वर्षी मेळ्यात लिनवूडच्या डुकराच्या मांड्या कच्च्या निघाल्या. हाडाजवळ गुलाबी. चर्चच्या समितीतल्या ग्लेंडा बार्फील्डनं त्या गुपचूप स्वयंपाकघरात नेल्या आणि ओव्हनमध्ये शिजवल्या. लिनवूडनं सगळ्यांना सांगितलं की लाकूड ओलं होतं. माझं लाकूड. मी ते खोडलं नाही. ज्या माणसानं पन्नास वर्षांत खोटं सांगितलं नाही तो एकदा सांगतो, तेव्हा त्यामागे काहीतरी असतं, एवढं मला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

ग्लेंडा वाईट बाई नाही. भट्टीवरचं छप्पर तिच्या आजोबांच्या काळातलं, पन्नास वर्षांच्या धुरानं आणि चरबीनं काळं झालेलं. तीन वर्षं ती म्हणत होती की आख्खं डुक्कर मावेल असा गॅसवरचा मोठा कुकर आणू, त्याला तापमानाचा काटा असतो, कुणाला पहाटेपासून बसायला नको. त्यानंतरच्या मार्चमध्ये ती लिनवूडच्या ओट्यावर येऊन स्पष्टच बोलली.

"मिस्टर लिनवूड, यंदाचं नीट पार पडलं तर भट्टी राहील. मी स्वतः समितीत तुमच्या बाजूनं बोलेन. पण पुन्हा तसं झालं, तर पुढच्या वर्षी गॅस."

लिनवूड म्हणाला, "गॅसवर भाजलेल्याला भाजलेलं डुक्कर म्हणतात, बाई. बार्बेक्यू नाही म्हणत."

"तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. माणसं कच्चं मांस खाणार नाहीत."

खरं काय होतं ते पहिल्यांदा हॉयलला कळलं, आणि मला ते पुढे त्याच्याच तोंडून कळलं. ऑगस्टमध्ये एका दुपारी हॉयल दुकानाकडे मागच्या बाजूनं आला. लिनवूड बाकावर रस्त्याकडे बघत बसलेला. हॉयल लिलाव पुकारणारा माणूस, आवाज खणखणीत. पण त्या दिवशी मुद्दाम, गंमत म्हणून, मागून कानाशी हळूच म्हणाला, "काय रे, खिडक्या पुसायचं पाणी संपलं का?" उत्तर नाही. अडतीस वर्षांत त्यानं टाकलेला एकही टोमणा जमिनीवर पडला नव्हता. तो पुन्हा म्हणाला. लिनवूडनं गुडघ्यावरची माशी उडवली आणि रस्त्याकडे बघत राहिला.

हॉयल वळसा घालून पुढे आला, शेजारी बसला, तोंडासमोर तोंड धरून त्यानं विचारलं, "किती दिवस झाले?"

लिनवूड बराच वेळ त्याच्या ओठांकडे बघत होता. मग म्हणाला, "दीड वर्ष."

"बायकोला, वेल्माला, माहीत आहे?"

"टीव्हीचा आवाज माहीत आहे तिला. मी हट्टी झालोय असं म्हणते."

"यंत्र लाव की कानात."

"आणलं. खोक्यात आहे. माणसांचं बोलणं येतं त्यात, पण आग पेटली की सगळाच वारा होतो. आणि चरचर नाहीच. डॉक्टर म्हणाला, बारीक आवाज आधी जातात, ते परत येत नाहीत."

"मग पत्र्यात काटा लाव. तापमानाचा."

"काटा लावायचा तर ग्लेंडाचा गॅस काय वाईट?"

 एक ट्रॅक्टर गेला. मग हॉयल म्हणाला, "मी ऐकतो."

"तू?"

"माझीही चाळीस वर्षं भट्टीवर गेलीत."

"तू फरेवाला."

"आग आगच असते, लिनवूड."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी ह्या एका वाक्यावर लिनवूड संध्याकाळपर्यंत भांडला असता. त्या दिवशी त्यानं नुसती मान डोलावली. त्यांनी खुणा ठरवल्या. हॉयलनं उजवा हात वर केला की निखारे टाकायचे, डावा केला की ओढायचे. गुडघ्यावर दोन्ही हात म्हणजे ठीक चाललंय. एवढंच ठरलं.

मेळ्याच्या दिवशी उजाडताना डुक्कर भट्टीवर चढवलं. हॉयलचे फरे आदल्या दिवशीच भाजून झाले होते, म्हणून तो मोकळा होता. मी बाहेर पिंपात लाकडं जाळत होतो. लाकूड जळून निखारे पिंपाच्या तळाशी गळायचे, ते फावड्यानं काढून लिनवूडला द्यायचे, हे माझं काम. पिंपात लाकूड तडतडतं, म्हणून भट्टीतलं मला काही ऐकू येत नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. लिनवूड भट्टीकडे तोंड करून बसला होता. जन्मात पहिल्यांदा. हॉयल भट्टीच्या कोपऱ्याला विटांशी कान लावून स्टुलावर, आणि लिनवूडची नजर त्याच्या हातांवर. मला वाटलं, म्हातारे झाले, काहीतरी नवीन खेळ काढलाय.

आता मी जे सांगतो ते समजायला फऱ्यांची भट्टी ऐकलेली असावी लागते. हॉयल ज्या लेक्सिंग्टनच्या भट्ट्यांवर शिकला तिथे एका वेळी वीस-वीस फरे असायचे, जाड चरबीचे, एकमेकांना खेटून. वीस ठिकाणांहून थेंब पडतात. कढईत कांदा टाकल्यावर होते तशी सलग चरचर चालते, आणि ती तुटली की समजायचं आग मरतेय. हॉयलचा कान त्यावर तयार झालेला. इथे एकच डुक्कर, आणि थेंबाथेंबात एक श्वासाची शांतता. ती शांतता म्हणजे सगळं बरोबर चाललंय. हॉयलला ती शांतता म्हणजे विझणारी आग वाटली.

त्यानं उजवा हात वर केला.

लिनवूडनं निखारे टाकले. थोड्या वेळानं पुन्हा उजवा हात. पुन्हा निखारे. साडेदहाच्या सुमाराला तिसऱ्यांदा हात वर झाला तेव्हा लिनवूड उठला आणि त्यानं तळहात पत्र्यावर ठेवला. लगेच काढून घेतला. हॉयलकडे बघितलं. हॉयलनं मान हलवली आणि हात वरच ठेवला. लिनवूड माझ्याकडे आला आणि फावडं पुढे केलं.

नंतर तो मला म्हणाला, "हाताला जास्त लागत होतं. पण म्हटलं, ह्या शरीरानं एकदा फसवलंच आहे, आता हाताचं काय खरं मानायचं?"

मी फावडं भरून दिलं. तेही मला आज आठवतं.

पत्र्यांच्या फटीतून धूर आला, पांढरा नव्हे, पिवळा. लिनवूडनं तो बघितला आणि जे कुणीही करेल तेच केलं, पत्रा उचलला. आत वारा शिरला आणि पोटाखालची चरबी भडकली. आवाज असा झाला की कुणीतरी मोठी चादर झटकावी. ज्वाळा छपराच्या वाशांना लागली, आणि पन्नास वर्षांचं ते चरबट लाकूड कागदासारखं पेटलं. हॉयल बोली पुकारायच्या आवाजात ओरडत होता, "मागे हो! लिनवूड, मागे हो!" लिनवूड सळई घेऊन डुक्कर ओढायला बघत होता. शेवटी हॉयलनं त्याला पँटच्या खांद्यावरच्या पट्ट्यांना धरून मागे खेचलं, आणि दोघं गवतावर बसकण मारून पडले.

गावातला आगीचा बंब आला तोवर चार भिंतीच उरल्या होत्या. विटा होत्या तशा होत्या. मधे डुक्कर कोळसा होऊन पडलं होतं.

हॉयलच्या भुवया जळल्या होत्या. तो लिनवूडसमोर गुडघ्यांवर बसला, ओठ दिसावेत असा.

"मधे किती जायला हवं होतं?"

"एक श्वास."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी कसा विचारणार होतो?" हॉयल म्हणाला. "तूच सांग, मी तुला कसा विचारणार होतो?"

लिनवूडनं मान डोलावली. कारण ते खरं होतं. आख्ख्या डुकराचं मला कळत नाही, असं फरेवाल्यानं म्हणायचं कसं? आणि ‘आग आगच असते’ हे खरं नाही, हे लिनवूडला माहीत होतं. पण मदत करायला आलेल्या माणसाला ते ऐकवायचं कसं?

ग्लेंडा आली. तिनं भिंतींकडे बघितलं, मग दोघांकडे. वेल्मानं नवऱ्याचा शर्ट हातानं झटकला. तेव्हाच कुणीतरी मागून त्याला हाक मारली, एकदा, दोनदा, आणि तो वळला नाही. वेल्माचा हात शर्टावर थांबला. सगळ्यांसमोर, त्या क्षणी तिला कळलं.

मेळा झालाच. माणसं तीनशे मैलांवरून आलेली, परत थोडीच पाठवणार. पाच वाजता एकच टेबल लागलं, हॉयलचं. सहा फरे चिरून, कोबीची कोशिंबीर, मक्याचा पाव. लाल चटणीचं भांडं मधोमध. बोलणं खालच्या आवाजात चाललेलं, जळक्या लाकडाचा वास सगळ्यांच्या कपड्यांत.

लिनवूड रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहिला. अडतीस वर्षांत त्यानं त्या टेबलावरचं चाखलं होतं ते फक्त नाव ठेवायला. आज ताट भरून घेतलं, चटणी घेतली, आणि हॉयलच्या समोर येऊन बसला. आम्ही सगळे थांबलो. हॉयलच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं, तो वाट बघत होता. एक टोमणा. नातवाचं तोंड, लंगडणारं डुक्कर, काहीही.

लिनवूडनं घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला.

"छान झालंय, हॉयल," तो म्हणाला.

हॉयलचा चेहरा मी कसा सांगू. त्याच्या बायकोला पुरलं त्या दिवशी मी त्याच्या शेजारी उभा होतो, तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

"शिवी घाल मला," तो म्हणाला. मग ओठ दिसावेत म्हणून पुढे वाकून पुन्हा म्हणाला, "लिनवूड. काहीतरी बोल ना रे मला."

"काय बोलू?" लिनवूड म्हणाला. "चांगलं आहे. चटणीसुद्धा."

आणि त्यानं ताट संपवलं. पावानं पुसून, स्वच्छ.

हॉयलनं स्वतःचं ताट तसंच सरकवलं. पुढच्या मेळ्याला त्यानं फरे आणले नाहीत. गॅसच्या कुकरमधलं डुक्कर होतं, नीट शिजलेलं, कुणाचीच तक्रार नव्हती. दोघं अजून दुकानाबाहेरच्या बाकावर येतात. हॉयल एखाद्या दिवशी समोर वाकून, मोठ्यानं, शब्द तोडून तोडून म्हणतो, "खिडक्या मळल्यात, लिनवूड. थोडं व्हिनेगर दे."

लिनवूड त्याच्या ओठांकडे बघतो, समजून घेतो, आणि म्हणतो, "देतो की."

मग खरंच उठतो, घरी जातो, आणि बाटली भरून आणून देतो.