जित्या माणसाची श्रद्धांजली

"कान पकड," भैयाजी म्हणले.

मी दोन्ही पकडलो. एकानंही भागलं असतं, पण भेलेला माणूस कुठं इचारत बसते.

भैयाजी म्हणजे आमच्या बातम्यांच्या वेबसाइटचे मालक. ऑफिसात पाच-सहा जण उभे. समोर राईस मिलवाल्या बाबूजीचा पुतण्या, हातात हार. आमच्या वेबसाइटवर त्याच बाबूजीले श्रद्धांजली लागली होती, आणि बाबूजी नागपूरच्या दवाखान्यात जिते होते.

"यानंच केलं," भैयाजी पुतण्याले म्हणले. "चौथी नापास. या लोकाले कम्प्युटरले हात लावू दिला, तेच चुकलं."

या लोकाले. मी तं एकटाच होतो. माह्या मायले, बापाले, सारी बौद्ध वस्ती भैयाजीनं माह्या मागं कान पकडून उभी केली.

चौथी नापास खरंच. तेही दोनदा. गोंदियात लग्नपत्रिका छापायच्या दुकानात झाडू मारता मारता टायपिंग शिकलो. भैयाजीकडे बातमी मी लिहून टाकायचो. कोणत्या टाइमाले आपोआप लागन, ते भैयाजी ठरवायचे, आपल्या नावानं. एकदा टाइम लागला का मले ती बातमी नुसती पाहता येत होती. बदलायचा हक्क पयले होता. एकदा भैयाजीनं चिचगड गावची बातमी अर्जुनी गावची करून ठेवली, ते मी सुधरवलो. त्याच दिवशी हक्क गेला.

आदल्या दिवशी खबर आली, बाबूजी रात्र काढत नाही. भैयाजीले साऱ्यांच्या आधी बातमी पाहिजे. माह्याकडून लिहून घेतली आणि सकाळच्या दहाचा टाइम लावला.

मी म्हणलो, "भैयाजी, नाही गेले तं?"

"तं मी थांबवतो. तू कायले डोकं लावून राहिला?"

सकाळी ते बालाघाटले लग्नाले निघून गेले.

साडेनऊले पुतण्याचा फोन. "कुछ छापना मत. बाबूजी ने आँखें खोल दीं, चाय माँग रहे हैं."

भैयाजीले फोन लावलो. बंद. पाचदा लावलो. बंद. बातमी उघडलो. पडद्यावर आलं, तुम्हाला बदल करण्याची परवानगी नाही.

मी म्हणलो, "जी."

कम्प्युटरले जी म्हणलो. एवढं भेव.

दहाले पाच कमी होते. मी उठलो आणि ऑफिसचा मेन स्विच पाडलो. म्हणलो, लाइटच नाही तं बातमी लागन कशी. पंखा थांबला. घामानं भिजून बसलो, पण खुश होतो. दहा वाजले आणि बाबूजी माह्याच मोबाइलवर मेले. वेबसाइट तिकडं अमेरिकेत राहते म्हणे. स्विच पाडून मी फक्त आपला पंखा बंद केलो होतो.

घंटाभरात लोक हार घेऊन मिलवर गेले. त्यातलाच एक हार घेऊन पुतण्या ऑफिसात आला. मागं मिलची माणसं. मग भैयाजी आले, स्विच वर केला, आणि मी कान पकडून उभा.

भैयाजीनं कागद पुढं सरकवला. "कर सही. सही तं येते ना बे?"

सारे हासले. मीही हासलो. सवय होती.

घरी बायकोले सातवा महिना. दारात मिलची माणसं. पेन उचललो. करून टाकतो म्हणलो. पण मी हळू वाचतो, बोट ठेवून. कागदावर होतं, 'ही बातमी मी माझ्या हाताने लावली.'

माह्या हातानं? याच हातानं मी अर्धा घंटा ती बातमी ओढून राहिलो होतो. सुटत नव्हती.

पेन ठेवलो. पडद्यावर ती बातमी उघडलो आणि पडदा पुतण्याकडे फिरवलो. "भाऊ, तुमीच वाचा. टाइम कोणाच्या नावानं लागला ते."

पुतण्यानं वाचलं. भैयाजीचं नाव. काल सांजचे सहा.

कोणी हासलं नाही.

"उद्यापासून येऊ नको," भैयाजी म्हणले.

मी निघालो. वाघासारखा नाही. जिना बसत बसत उतरलो.

आता दुसऱ्या ठिकाणी टायपिंग करतो. पयल्याच दिवशी मालकाले म्हणलो, "जे थांबवायचा हक्क मले नाही, त्याच्याखाली माह्यं नाव लागणार नाही."

तो म्हणला, "बहुत बोलतं बे."

भेव अजूनही आहे. कोणी आवाज चढवला का मान आपोआप खाली जाते. जाऊ दे. काढा कामावरून, मारा, दारात माणसं उभी करा. दुसऱ्याच्या चुकीवर सही भेटणार नाही.