कापसाच्या गोदामातली लायब्ररी

लायब्ररी काढली की पुस्तकांच्या आधी किस्से जमतात बघा! पुस्तकं मुंबईहून यायला महिने लागायचे. किस्से मात्र आपल्या पायांनी चालत यायचे आणि जोडे बाहेर काढून ऐसपैस बसायचे.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि इकडे अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची गोष्ट. आम्ही पाचसहा जण, पगार नाही की मानपान नाही, हौसेनं लायब्ररी चालवायचो. मी शाळामास्तर. सेक्रेटरी नारायणराव, पुण्याहून कचेरीत नोकरीला आलेले. जागा आबाजी पाटलांची, त्यांच्या कापसाच्या गोदामाची पुढची खोली. कापूस स्वस्त होता तेव्हा पाटलांनी ती मोठ्या मनानं फुकट दिली होती. आता येताजाता ते खोलीकडे नजरेनं माप घेतल्यासारखे बघायचे. ती गेली की लायब्ररी बुडालीच! गावात माणसं ओसरीवर निजत होती अन् माजघरात कापूस होता. आम्हाला दुसरी जागा देतो कोण?

*

नारायणरावांनी पहिल्याच दिवशी पाटी लावली, ‘शांतपणे वाचावे.’ बाजाराच्या दिवशी एक कास्तकार आला आणि समोर मांडी घालून बसला. नारायणरावांनी वर्तमानपत्रात डोकं खुपसलेलं. बिचाऱ्यानं बराच वेळ वाट पाहिली.

“रावसाहेब, एकटेच काय वाचून राहिले? आमालेबी सांगा ना!”

“मी मनात वाचतोय.”

“मनात? काहून? चोरीचं हाय का?”

नारायणराव लालबुंद! दुसऱ्या दिवशी पाटी उतरली आणि मोठ्यानं वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

*

वर्तमानपत्र शिळं असायचं, तरी ऐकायला खोली गच्च भरायची. सगळ्यांना बातमी एकच हवी, अमेरिकेची. एकदा वाचलं, मोठी लढाई झाली, हजारो माणसं पडली. एका म्हातारबानं कळवळून कपाळाला हात लावला. “कोनाची तरी लेकरंच ना हो ते!” म्हणाला. मग हळूच, “पन मास्तर, मिटलं तर नाई ना?”

सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ‘नाही’ म्हटलं तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मला मात्र कसंतरीच झालं, खरं सांगतो.

*

परतवाड्याच्या एका मेंबरानं पुस्तक नेलं ते नेलंच. निरोपावर निरोप धाडले. शेवटी एक बंडीवाला बैलं हाकत आला, पुस्तक नाही, तुरीचं पोतं घेऊन! सोबत निरोप: “पुस्तक गावात फिरून राहिलं. थोडे घरं बाकी हायेत. तवर हे ठेवा तुमच्यापाशी.”

तूर गहाण! असं कलम नारायणरावांच्या नियमांत कुठं असणार? त्यांनी मीटिंग बोलावली. मीटिंग महिनाभर वाद घालत बसली आणि तेवढ्यात तुरीची डाळ होऊन ती घरोघरी शिजलीसुद्धा. पुस्तक पुढं परत आलं म्हणा, पण परत द्यायला तूर कुठं होती?

*

अकोल्याच्या काही भल्या माणसांनी आम्हाला जुनी पुस्तकं दिली. वाटेत ती भिजू नयेत म्हणून नारायणरावांनी डोकं चालवलं. पुस्तकं कापसाच्या बंडीत, मधोमध खोचून आणायची! बंडीवान मोठा इमानदार. पुस्तकांसकट सगळा माल त्यानं पाटलांच्या गोदामात नेऊन ओतला.

आमची कमिटी त्या ढिगाऱ्यात गळ्यापर्यंत बुडालेली, मिशांना कापूस चिकटलेला, आणि दारात पाटील उभे.

“घ्या! आमचा कापूस तुमच्या खोलीत घुसला नाई, तुमीच आमच्या कापसात घुसले!”

हसत होते खरे, पण बोलून झाल्यावर नजर पुन्हा आमच्या खोलीकडेच वळली.

*

आणि शेवटी तो दिवस आलाच. दसरा उलटला, नवा कापूस आला आणि पाटील म्हणाले, “मास्तर, पुस्तकं कुठीबी मावतात. कापूस मावत नाई. उद्या खोली रिकामी करा.”

मी काय भांडलो! हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुस्तकं टोपल्यांत भरत होतो. नारायणराव तोंड फिरवून डोळे पुसत होते, आणि मला तर त्या रिकाम्या फळ्यांकडे बघवत नव्हतं. बाहेर बंड्या उभ्या राहिल्या. हमालांनी गाठी पाठीवर घेतल्या.

तेवढ्यात पाटलांच्या घराकडचं आतलं दार उघडलं आणि पाटलांची म्हातारी आई आली. सगळं गाव त्यांना मोठी माय म्हणायचं. वाचन चाललं की त्या दाराआड बसून ऐकायच्या, हे आम्हाला त्यांच्या खोकल्यावरून माहीत. खोलीत पाऊल मात्र कधी टाकलं नव्हतं. त्या दिवशी सरळ आत आल्या, लुगडं सावरलं आणि खोलीच्या मधोमध फतकल मारून बसल्या.

हमाल दारातच थबकले.

“माय, ऊठ,” पाटील म्हणाले. “गाठी ठेवाच्या हायेत.”

मोठ्या मायनं लेकाकडे बघितलंसुद्धा नाही.

“मास्तर, वाच.”

मी टोपलीत हात घातला. “काय वाचू, माय?”

“कोनतंबी वाच. पन लंबं असलं पायजे!”