लाँचवाली एदेल्मिरा शाळेत जाते

आमच्या बेटांवर प्रत्येक स्वयंपाकघरात चुलीशेजारी बोटींशी बोलायचा एक रेडिओ असतो, आणि चॅनल सगळ्यांचा एकच. त्यामुळे त्या वर्षी यास्ना ग्वेन्तेओ शाळेच्या दिशेने किती पुढे सरकली, हे चार बेटांवरचे लोक रोज सकाळी जीव मुठीत धरून ऐकत होते. मी ओर्तेन्सिया, शाळेत स्वयंपाक करते. साडेसात ते आठ मी कुणाला तोंड उघडू देत नसे.

पण आधी एदेल्मिराबद्दल सांगते. एदेल्मिरा नाउएल्किन, तेव्हा छपन्न वर्षांची. शाळेची लाँच चालवायची, अजूनही चालवते. इतर बेटांवरची अकरा मुलं सकाळी आणायची, दुपारी पोचवायची. धुक्यात नुसत्या पाण्याच्या रंगावरून वाट काढायची. मुलं तिला मावशी म्हणायची. सतरा वर्षांत तिच्या लाँचमधून एकही मूल पाण्यात पडलं नाही.

मुलांना धक्क्यावर उतरवलं की ती तिथूनच मागे फिरायची. शाळा धक्क्यापासून साठ पावलांवर. मी म्हणायचे, "अगं, ये की आत, बटाट्याचे मिल्काओ तळतेय." ती म्हणायची, "नको, ओहोटी लागेल." भरती असली तरी हेच उत्तर. मला वाटायचं, बाईला गर्व आहे.

यास्ना तेव्हा दहा वर्षांची. मार्चमध्ये उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि ही पोर रोज सकाळी आपल्या बेटाच्या धक्क्यावर येऊन उलटी करायला लागली. ओठ पांढरे पडायचे. लाँच निघून गेली की तासाभरात ठणठणीत.

तिची आई मारित्सा रडकुंडीला आली होती. "डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली, ओरडून झालं. एक चापटसुद्धा मारली, देव मला माफ करो. आता काय करू?"

शेजारीण म्हणाली, "लाडावलीये. माझ्या घरी असती तर दोन दिवसांत सरळ केली असती."

एदेल्मिरा लाँचचा दोर सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या घरी असते तर मला पण उलटी झाली असती."

दुसऱ्या दिवशी ती पंधरा मिनिटं लवकर आली. मोटार बंद केली आणि यास्नाला म्हणाली, "आज शाळेत जायचं नाहीये. नुसती येऊन बसतेस का? दोर बांधलेलाच राहील."

यास्ना बसली. पंधरा मिनिटांनी उतरली. एदेल्मिराने रेडिओवर शाळेला कळवलं, "यास्ना लाँचमध्ये बसली होती." लाउतारो सर, आमचे एकुलते एक शिक्षक, एवढंच म्हणाले, "छान. उद्या भेटू."

चौथ्या दिवशी बसल्या बसल्या पोरीने खरं सांगितलं. आदल्या वर्षी ती शाळेत असताना आईचं अपेंडिक्स फुटलं होतं. आईला घाईघाईने शहरात, कास्त्रोच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि पोर घरी आली तर घर रिकामं, चूल थंड.

"मी शाळेत गेले की आई मरेल," ती म्हणाली.

एदेल्मिराने 'वेडी आहेस का' असं म्हटलं नाही. म्हणाली, "मग आई जिवंत आहे हे तुला दहा वाजता कळायला हवं. त्याची सोय करू." आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर मारित्साने रोज दहाला बोलायचं ठरलं.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! सोमवारी दोर सुटला. बुधवारी लाँच शिंपल्यांच्या शेतीच्या तरंगत्या पिंपांपर्यंत गेली आणि परतली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बेटाचं टोक ओलांडलं. रेडिओवर एदेल्मिराचा आवाज यायचा, "टोकाशी आहोत." मग शांतता. माझ्या हातातला बटाटा तसाच. मध्येच आपल्या बोटीवरून सेलेदोनिओ म्हातारा घुसायचा, "अगं पण पुढे काय?"

"सेलेदोनिओबाबा, चॅनल मोकळा ठेवा," सर म्हणायचे, आणि त्यांचाही आवाज चढलेला असायचा.

मेच्या पहिल्या मंगळवारी यास्ना आमच्या धक्क्यापर्यंत आली. उतरली नाही. गुरुवारी उतरली, धावत माझ्याकडे आली आणि रेडिओला चिकटून बसली. दहाला मारित्सा बोलली, "यास्ना, मी कोंबड्यांना दाणे टाकतेय. लाल कोंबडीने मला चोच मारली." पोर हसली. मी तोंड फिरवून कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांना निमित्त मिळालं.

पण वर्गाचं दार काही केल्या जमेना. तीन दिवस ती दारापर्यंत गेली आणि मागे फिरली. चौथ्या दिवशी आतून कुणीतरी खुदकन हसलं, तशी ती सुसाट धक्क्याकडे पळाली. मी ओल्या हातांनी तिच्या मागे.

एदेल्मिरा तिच्यासाठी लाँचजवळ थांबली होती. "चल, मी येते दारापर्यंत," ती म्हणाली आणि निघाली. दारापाशी पोचलो तर यास्ना म्हणाली, "मावशी, तुम्ही आधी आत जा."

एदेल्मिराचा चेहरा राखेसारखा झाला. वादळात सुकाणू धरणारी बाई, तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"मला नाही जमत गं," ती हळूच म्हणाली. "मी तिसरीत होते. आमचे मास्तर सगळ्यांसमोर वाचायला उभं करायचे. माझा आवाजच फुटायचा नाही. मग रोज झाडीत लपून बसायचे, दुपारी घरी. शेवटी वडील म्हणाले, राहू दे शाळा, शिंपले गोळा कर. तेव्हा वाटलं, सुटले."

"म्हणजे तुम्हाला वाचता येत नाही?"

"लाँचचं नाव वाचता येतं. ते मीच रंगवलंय."

यास्नाने क्षणभर विचार केला. मग तिचा हात धरला. "आपण एकदम जाऊ. मी मोजते. तीनला."

तीन म्हटल्यावर दोघीही हलल्या नाहीत. पुन्हा मोजलं. मी श्वास रोखून उभी. आणि दोघी आत गेल्या.

लाउतारो सर भला माणूस. कौतुक नाही, टाळ्या नाहीत. "मागे दाराजवळ दोन खुर्च्या आहेत. दार उघडंच राहील," म्हणाले आणि भागाकार पुढे चालू केला.

मी स्वयंपाकघरात धावले. रेडिओवर चार आवाज एकदम विचारत होते. मी म्हटलं, "आत आहेत. दोघी." तेवढ्यात सेलेदोनिओने आनंदाच्या भरात बोटीचा भोंगा वाजवला, मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. उघड्या दारातून मला दिसलं, यास्ना दचकून उठली आणि सगळंच फिसकटणार होतं. मी रेडिओवर ओरडले, "गाढवांनो, गप्प बसा, पोर शिकतेय." सगळे भोंगे बंद. ती पुन्हा बसली. त्या दिवशी अकरा मिनिटं बसली, दुसऱ्या दिवशी तास पुरा केला.

हिवाळ्याच्या सुट्टीनंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. पण या वेळी पाच दिवसांत निभावलं. अजूनही एखादी सकाळ वाईट जाते. तेव्हा ती माझ्याकडे बसून मटार सोलते आणि मग जाते.

एदेल्मिराने ती मागची खुर्ची सोडली नाही. मंगळवार, गुरुवार ती वर्गात बसायची. दोन वर्षांनी मोठ्यांची चौथीची परीक्षा द्यायला कास्त्रोला गेली. सकाळी तिलाच उलटी झाली. यास्ना सोबत होती, तिने पाणी दिलं आणि सांगितलं, "पंधरा मिनिटं बाहेर बसा. मग जा." एदेल्मिरा पास झाली. गणितात थोडक्यात वाचली.

यास्ना आता तेरा वर्षांची आहे. येत्या मार्चपासून तिला शहरातल्या वसतिगृहात राहायचंय. गेल्या आठवड्यात मारित्साबरोबर बघायला गेली होती. पहिल्या दिवशी फाटकापाशी बसून परत आली. दुसऱ्या दिवशी आत गेली, सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, आणि खिडकीजवळच्या पलंगावर आपलं नाव लिहून आली.