मजल्याची खुर्ची

लोअर परळच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक हातांची लाकडी खुर्ची असायची. ती कुणा एकाची नव्हती, मजल्याची होती. एरवी तिच्यावर कुणी पापड वाळत घालायचं, नाहीतर मांजर झोपायचं. पण कुणाचं अचानक दुखलंखुपलं की मांजर खाली आणि माणूस खुर्चीत. गिरणीतले चौघे ती उचलायचे, जिना उतरायचे आणि समोरच्या गिरणीच्या आवारातून थेट पलीकडच्या हॉस्पिटलात. आवार तेव्हाही खासगीच होतं. पण खुर्ची दिसली की वॉचमन काही न विचारता फाटक उघडायचा. लहानपणी दम्याने घुसमटलेली मी त्याच खुर्चीतून गेले आणि जगले.

गिरणी बंद पडली. बाबांनी मिळतील त्या नोकऱ्या केल्या, त्याही संपल्या. आता मालवणकडे गावी जाऊन राहू, म्हणून आई मागे लागली. बाबा जागचे हलले नाहीत. गावी माझ्या काकांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरच नव्हता. जिल्ह्याला न्या म्हणाले आणि काका वाटेत गाडीतच गेले. तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद. गॅलरीत उभं राहून समोरच्या इमारतीकडे बोट दाखवायचे. "हॉस्पिटल दारात आसा. मरूक गावाक जाव?"

मग गिरणी पाडून तिथे टॉवर आला. फाटकाच्या जागी काचेची चौकी, आडवा दांडा आणि कॅमेरे. टॉवरची जाहिरात आमच्याच नाक्यावर लागली होती. पोहण्याचा तलाव, बगीचा आणि 'मोठं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर'. बाबांनी ती मोठ्याने वाचून दाखवली होती, घरच्या कुणाचं कौतुक झाल्यासारखी. आता आठवलं की ती जाहिरात फाडून टाकावीशी वाटते.

त्या दिवशी दुपारी जेवण झालं आणि बाबांच्या छातीत कळ आली. बनियन घामाने भिजला. मी अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन हातात घेतला, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"खुर्ची काढ."

आणि मी काढली. कुणी मूर्ख म्हणेल, म्हणू दे. आमच्या मजल्यावरून आजवर कुणी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली नव्हती. समोर दिसणाऱ्या हॉस्पिटलात जायला गाडी कशाला, असंच आम्ही समजत आलो. मजल्यावरची तरणी माणसं विरार-बदलापूरला गेलेली. मी, शेजारचे रिटायर झालेले काका, त्यांची सून आणि खालच्या मजल्यावरचा कुरिअरवाला, अशा चौघांनी धापा टाकत बाबांना खाली आणलं आणि टॉवरच्या गेटशी नेलं.

"मॅडम, कौन से फ्लॅट में जाना है?" गार्डने विचारलं.

"फ्लॅट में नहीं. पेशंट है. उधर हॉस्पिटल में जाना है."

"अंदर से अलाऊड नहीं है. मेरी नौकरी जाएगी."

बाबांनी मान वर केली आणि गार्डकडे बघून ओळखीचं हसले. त्यांना वाटलं, खुर्ची दिसली आहे, आता उघडेल. ते हसू मला आजही झोपू देत नाही.

गार्डने मॅनेजरला फोन लावून माझ्या हातात दिला. मॅनेजर अतिशय सभ्यपणे म्हणाला, "मी समजू शकतो मॅडम, पण आज तुम्हाला सोडलं तर उद्या अख्खी चाळ इथून जायला लागेल." अख्खी चाळ इथूनच जात होती, मेल्या, तुझ्या तलावाचा खड्डा खणायच्या आधीपासून. हे मी त्याला म्हणाले की नुसतंच मनात म्हणाले, आठवत नाही. म्हणाले असेन तर बरं झालं.

तोवर शेजारच्या काकांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती. मोठ्या रस्त्याने वळसा घालून येताना ती फ्लायओव्हरखाली अडकली. भोंगा ऐकू येत होता, गाडी येत नव्हती. बाबा उन्हात खुर्चीत बसून होते आणि गेटच्या गजांतून हॉस्पिटलच्या खिडक्या दिसत होत्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता, तोसुद्धा दिसत होता. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा बाबांचा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने तपासलं, स्टेथोस्कोप गळ्यात टाकला आणि म्हणाला, "जरा आधी आणायला हवं होतं."

त्याच्यावर ओरडावं असं वाटलं. पण बाहेर जमिनीवर चादरी टाकून माणसं पडली होती. गावच्या दवाखान्याने तालुक्याला, तालुक्याने जिल्ह्याला आणि जिल्ह्याने मुंबईला धाडलेली. रात्रभर गाडीत हाडं खिळखिळी करून आलेल्यांना तो जे सांगत असेल, तेच त्याने भिंतीपलीकडून आलेल्या मला सांगितलं. माझा राग त्याच्यावर नव्हता. गार्डवरही नव्हता. ज्यांनी रस्ता विकला आणि ज्यांनी तो विकत घेऊन त्याला दांडा लावला, त्यांच्यावर होता. अजून आहे आणि तो शांत व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

संध्याकाळी गावाहून चुलतभावाचा फोन आला, गाडीत गेलेल्या त्या काकांच्या मुलाचा.  त्याने हळूच विचारलं, "हॉस्पिटल लांब होता काय गो?"

"नाय रे," मी म्हटलं. "गॅलरीतसून दिसता."