सशाचे मागचे दात

धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत म्हणतात, पण आमच्या वडिलांना ते कुणी सांगावं? माझ्या मुलीच्या मैत्रिणीने फुकट दिलेला ससा घरात आला, त्याच दिवशी त्यांनी त्याचा ओठ उचकटून दात पाहिले. दारव्ह्याच्या बाजारात बैल घ्यायचा असला की लोक वडिलांना सोबत न्यायचे. अजून दुधाच्या दातांचा आदात, चार दाती, की सगळे दात आलेला जुळलेला, हे बैलाचं वय ते दातांवरून एका नजरेत सांगत आणि त्यावर कुणी बोलत नसे. पुढे माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि ससा आम्हा बापलेकीच्या गळ्यात पडला.

या उन्हाळ्यात त्याने गाजर सोडलं, मग वाळलं गवत. भिजवलेली पोळी तेवढी चघळायचा. हनुवटीखालचे केस सारखे ओले असायचे. पाणी पिताना भिजत असतील म्हणून मी ओढणीने पुसून द्यायचे. ताटली ठेवली की धावत यायचा, हुंगायचा आणि तसाच मागे जाऊन बसायचा.

"बाबा, याले डॉक्टरले दाखवू का?"

वडिलांनी त्याला मांडीवर घेतलं, ओठ वर केला. "पाह्य, दात कसे हायेत, नव्या गोऱ्ह्यावानी. कायले नेतं? उन्हानं खात नसन."

दात खरंच पांढरेशुभ्र, सरळ होते. मीही पाहिले. कुत्रं असतं तर केकाटलं असतं, गाय हंबरली असती. हा मेला नाक हलवत बसून राहायचा. मला त्याचा राग यायचा आणि राग आल्यावर रडू यायचं.

शेवटी यवतमाळच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना मी फोन लावला. पोळी खातो, धावतो, असं सांगू लागले तर त्यांनी मधेच थांबवलं. "खातो काय ते राहू द्या. खायचं काय सोडलं, ते सांगा." मी क्रमाने सांगितलं. ते म्हणाले, उद्याच आणा.

सकाळच्या एसटीने आम्ही टोपलीत घालून त्याला नेलं. डॉक्टरांनी तोंडात बारीक दिवा घातला. मागच्या दाढांना टोकं फुटली होती आणि त्या टोकांनी जीभ कापली होती. पुढून पाहून हे कळत नाही, ते म्हणाले. मी विचारलं, "याची भूक कशानं मेली?"

"भूक मेली नाही. भूक लागते, खाता येत नाही."

म्हणजे तो ताटलीकडे धावत यायचा तो भुकेनेच, आणि आम्ही त्यालाच चांगलं लक्षण समजत होतो. हनुवटी ओली असायची तीही पाण्याने नव्हे, लाळेने.

टोकं घासायला भूल द्यावी लागणार होती. वजन इतकं उतरलेलं, की भुलीतून उठेलच असं डॉक्टर सांगेनात. आधी पातळ भरवून ताकद आणावी, तर जखमी तोंडाने तो गिळणार किती, तेही सांगेनात. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी टोपीने तोंड पुसलं.

"मले नाई समजत," ते म्हणाले. "तू सांग."

दातांच्या बाबतीत त्यांच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं. "करा," मी डॉक्टरांना म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, ते आजही सांगता येणार नाही.

ससा उठला. पण सशाचे दात जन्मभर वाढतात, हे पुन्हा होणार, असं डॉक्टरांनी बजावलं.

"पुढच्या टायमाले कवा आनाचं, हे आमाले कसं समजन?" वडिलांनी विचारलं.

"मागचे दात तुम्हाला दिसणार नाहीत. वजन करत जा."

आम्ही छोटा काटा आणला. ससा आता गवत खातो, अंगणभर उड्या मारतो. परवा त्याला काट्यावर ठेवलं तर वजन थोडं कमी भरलं. "हालला असन," वडील म्हणाले. त्याला शांत करून मी पुन्हा ठेवलं. तेवढंच कमी भरलं.