सुभद्राबाईचं अंगण

सुभद्राबाईला कुरण जपायच्या कामावर ठेवलं होतं, आणि ती चोरून गवत उपटत होती. आता बोला!

उमरेडच्या पलीकडे अभयारण्य आहे. तिचं गाव मोहटोला त्याच्या पोटात होतं. गाव उठवून रस्त्याकाठच्या वसाहतीत आणलं, त्याला बरीच वर्षं झाली. घरं पाडली, वावरांचं कुरण झालं. चितळं, रानगवे तिथे चरतात. कुरण आपोआप टिकतं असं नागपुरात बसलेल्यांना वाटतं. वाटू द्या. दर पावसाळ्यात तरोटा, म्हणजे टाकळा, माजतो आणि चांगलं गवत दाबून टाकतो. शेंगा धरायच्या आत तो मुळासकट उपटावा लागतो. एकदा उपटून भागत नाही, दरवर्षी तेच. त्यासाठी बायांची टोळी असते, आणि सुभद्राबाई त्या टोळीत अगदी सुरुवातीपासूनची.

वसाहतीतलं घर पक्कं, दारात नळ. तक्रार कशाची करणार? पण तिथल्या सिमेंटवर वाळवलेल्या मोहफुलांना जुन्या अंगणातला वास येत नाही, असं तिचं म्हणणं. मोह तोच, ऊन तेच. तिला कोण समजावणार?

"गुडघे गेले तुहे, आता राहू दे," नवरा देवराव म्हणायचा.

"तुमी बसा टीव्हीपुढं. मी माह्या गावाले जाऊन येते."

दुपारी बाया चिंचेखाली भाकर सोडत, तेव्हा ही उठून एकटीच चालू लागे. "चालली बाई घरी! चहा ठेवजो वं आमच्यासाठी," अंजनाबाई मागून ओरडायची. बाकीच्या हसायच्या. हसता हसता एखादी तिच्या पाठीकडे पाहत राहायची.

यंदा कामिनी नावाची नवी वनरक्षक आली. भर कुरणात खाटल्याएवढी दोन-चार ठिगळं नव्हे, चांगली घर-अंगणाएवढी जागा बोडकी पाहून तिला वाटलं, कोणी गुरं घुसवतंय. तिने झाडाला वाघाचे फोटो काढणारा कॅमेरा बांधला. फोटोत गुरं नाहीत, वाघ नाही. पाहावं तिथे सुभद्राबाईची पाठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामिनीने तिला तिथेच गाठलं.

"काकू, इथलं गवत काहून उपटून राहिल्या?"

"अंगणात गवत वाढू देत असते का कोणी?"

"कोणतं अंगण?"

"हे काय! हे अंगण, हा दरवाजा. अन् तू चुलीवर उभी हायेस, सरक."

कामिनी खरोखरच सरकली. मग हळूच म्हणाली, "काकू, मोकळी जागा दिसली की तरोटा आधी तिथंच येते. तिथून साऱ्या कुरणात. साहेबांनी उद्या ट्रॅक्टर बोलावला आहे, नांगरून गवत लावाले."

हे सुभद्राबाईला काय ठाऊक नव्हतं? तरोट्याची पहिली पानं दरवर्षी तिच्याच अंगणात फुटत. ती मुकाट्याने उपटायची आणि कोणाला बोलायची नाही. यंदा मात्र तिच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. अंगणाच्या कडेने तरोटा पार चिंचेपर्यंत पोचला होता. तिने तिकडे पाहिलं, मग पायाखालच्या मातीकडे.

"ट्रॅक्टर नको आणू वं," ती म्हणाली. "घर पाडाले बी मशीनच आलती. माह्या घरातलं काम मी करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाल्याकाठचे, चितळं खातात त्या पवन्या गवताचे ठोंब पाटीत घेऊन आली. मदत करू म्हणणाऱ्या अंजनाबाईला तिने झिडकारलं. मागच्या भिंतीपासून सुरुवात केली, म्हणजे जिथे भिंत होती तिथून. चूल झाली, देवघर झालं. धानाची रोवणी करावी तशी वाकून, मागे मागे सरकत, ठोंबांमागून ठोंब. मग अंगण. मोहफुलं वाळायची ती जागा आली, तिथे हात थोडा थांबला, पुन्हा चालला.

"काकू, मी इकडच्या बाजूनं लावू का?" कामिनी आत यायला निघाली.

"थांब! पाय नको ठेवू. सारवलेलं कोणी तुडवते का?"

शेवटचा ठोंब लावून तिने रिकामी पाटी काखेत घेतली आणि मागच्या मागेच अंगणाच्या दारापर्यंत आली. तिथे पाय उचलून उंबरठा ओलांडला, आणि मगच वळली.