बंदुकीचा गज मीच मोडला

"तुमका गप ऱ्हवाक काय झाला हुता?" बायको फोनवर अजून विचारते. अगं, गप्प राहणं जमलं असतं तर आज कतारात, अल नस्रच्या गल्ल्यांत ठेकेदाराचा खटारा पिकअप कशाला हाकला असता!

मी कोणी साधुसंत नाही. भेकराचं मटण खाल्लंय, तेही चोरून मारलेल्याचं. बंदी होती हे आम्हाला ठाऊक होतं. कोणाला त्यावरून मला शहाणपणा शिकवायचा असेल तर खुशाल शिकवा. आमच्या बाबांकडे ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी आणि गोळी घालायची, लाकडी गजाने ठासायचं. एवढं करून बार एकच. तो फुकट गेला की पुन्हा भरेपर्यंत भेकर डोंगरापार. बाबा म्हणायचे, त्याला पळायला रान आणि आपल्याला एक बार, हिला पारध म्हणतात. बांधलेल्या जनावरावर बंदूक धरणाऱ्याला ते दारात उभं करत नसत.

इथे कतारमध्ये मी एका म्हाताऱ्या मालकांची गाडी चालवायचो. अल रुवैसच्या वाटेवर त्यांचा मळा, मळ्यात जाळीच्या कुंपणात हरणं. बैठकीच्या भिंतीवर त्यांच्या आजोबांची ठासणीची बंदूक. ती पाहून मीच फुशारकी मारली होती, "ही मला भरता येते."

झालं! एका हिवाळ्यात मालकांच्या मुलाकडे पाहुणे आले. त्यांतल्या एकाला मोठा नर त्या जुन्या बंदुकीने मारायची हौस. दारूगोळा बरोबर घेऊनच आला होता पठ्ठ्या. मुलाने भिंतीवरची बंदूक काढून माझ्या हातात दिली. "यल्ला, चल, भर."

हरणं जाळीला नाक लावून उभी होती. माझी गाडी आली की चारा येतो, एवढंच त्यांना माहीत. मी हिंदीत म्हटलं, "कुंपणाचं दार उघडा. पळू दे त्याला. मग भरतो."

सगळे हसले. पाहुणा म्हणाला, "पळालं तर मारणार कसं?"

"तेच तर!"

मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पाहुण्यांसमोर तमाशा नको. तुझा व्हिसा आमच्या हातात आहे."

व्हिसाचं नाव काढलं आणि माझं डोकं सटकलं. गावाला दोन पोरं शिकतायत, हे काय मला कळत नव्हतं? सगळं कळत होतं. तरी नळीखालचा लाकडी गज उपसला, गुडघ्यावर धरला आणि काडकन मोडला. "खलास! आता भरा."

सकाळी म्हाताऱ्यांनी बोलावलं. दाराशी मुलगा थांबला होता. रात्रीतून त्याचाही राग उतरला असावा. म्हणाला, "हातून पडून मोडला म्हण. मीही तेच सांगतो. नोकरी राहील." वाईट नव्हता पोरगा.

आत म्हातारे मोडके तुकडे मांडीवर घेऊन बसले होते. "कसा मोडला?"

"मोडला नाही. मी मोडला."

"का?"

"हरणाला पळायला जागा नव्हती. तरी हे मला बंदूक भरायला सांगत होते."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली. मग म्हाताऱ्यांनी माझ्यापुढे हात केला. मला वाटलं, हातात हात घेतायत. ते गाडीची किल्ली मागत होते.

मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली, रोजच्यासारखा सलाम केला आणि ताठ मानेने बाहेर पडलो.